शेजारची रिकामी जागा

अप्पा, तुमच्या मराठी बायबलवरून मी एकटीनेच जुळवलेल्या अक्षरांत हे लिहिते आहे. या घरात ती आता कुणालाच वाचता येत नाहीत. मुलगा, सून, नात, सगळी तमिळच वाचतात. येत्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मला मंडळीतल्या बायकांकडून शपथ घ्यायची आहे: घरात केबल ठेवणार नाही, सिनेमा बघणार नाही. पास्टर म्हणाले, "अम्मा, उपदेशकांची मुलगी तुम्ही. तुम्ही सांगितलंत तर कोण नाही म्हणेल?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी अजून तुमचीच मुलगी आहे.

पापनाशम गावच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये बारा वर्षांची मी वाळूत बसले आहे. तुम्ही सायकल बाहेर टेकवून आत येता आणि सगळ्यांदेखत विचारता, "इथे तुझ्या शेजारी प्रभूला बसवशील?" मी म्हणते, "जागा पुष्कळ आहे, अप्पा." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या रविवारी मला अख्ख्या मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी लागली. लग्नानंतर यांनी एकदाच विचारलं, "सिनेमाला येतेस?" मी तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. चपला घालता घालता म्हणाले, "प्रभूचं मला ठाऊक नाही. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी असते." एकटेच गेले. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते राहिले नाहीत.

मुलाने केबल घेतली तेव्हा मी अडवलं नाही. दुपारी नात शाळेतून आली की आम्ही दोघी सिनेमा लावतो. घाण दिसली की बंद करते. पण परवा एका जाड बाईला सगळे ढकलत होते, ते बघून मी खदाखदा हसले. नात म्हणाली, "पाट्टी, तिला लागलं असेल ना?" पाप मी नाचगाण्यात शोधत होते, ते माझ्याच हसण्यात सापडलं. बायकांना हेच सांगावंसं वाटतं: बघा, पण नंतर स्वतःला विचारा, कुणाला हसलो, कुणासाठी रडलो. ते सांगायचं तर मी बघते हे आधी सांगावं लागेल, आणि मंडळीपुढे उभी राहिले की मी पुन्हा बारा वर्षांची होते. म्हणून रविवारी तुमचाच प्रश्न विचारीन. त्या शपथेसाठी हात वर करतील, मीही करीन.

हे पत्र तुमच्या बायबलातच राहील. एवढंच सांगते, टीव्ही बघताना मी शेजारची खुर्ची रिकामी ठेवते. नातीलाही बसू देत नाही. ती प्रभूची, असं तिला सांगितलंय. तसं नाही, अप्पा. ती यांची आहे.