तांब्यावरची लाल रेघ

२६ एप्रिल

मुतखडा पडला त्याला आज महिना झाला. डॉक्टर म्हणाले होते, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी जाऊ द्या. डॉक्टर कमीच सांगतात, जास्त सांगितलं तर पेशंट दुसरीकडे जातो. शिवाय त्यांची केबिन एसी. जळगावचं ऊन मोटारसायकलवर मी खातो. सगळा विचार करून आठ लिटर ठरवलं. उद्यापासून.

ती कळ पुन्हा नको. काहीही करीन, पण ती नको. त्या दिवशी बाथरूमच्या फरशीवर लोळत मी आईला हाका मारल्या. आईला जाऊन किती वर्षं झाली. मोहिनीने हे तिच्या माहेरी सांगितलंय.

२७ एप्रिल

संध्याकाळपर्यंत पाचच लिटर झालं. उरलेलं झोपण्याआधी संपवलं. झोप नाही. मोहिनी म्हणाली, दर थोड्या वेळाने दिवा लावता, माझं लग्न माणसाशी झालंय की चौकीदाराशी? बायको असून नवऱ्याच्या तब्येतीची काळजी नाही. दुर्लक्ष केलं.

२९ एप्रिल

डोकं जड. मळमळ. फोनवर वाचलं, शरीरातली घाण बाहेर पडताना असं होतं. म्हणजे माझ्यात बरीच होती. त्याच पानावर खाली जास्त पाणी पिण्याच्या तोट्यांबद्दलही काहीतरी होतं. ते वाचायला वेळ नव्हता, बाथरूमला जायचं होतं.

३० एप्रिल

रावेरला गिरधर नानांच्या केळीच्या बागेत. ठिबक आमच्या दुकानाचं, बसवलं मी, आणि आता बाग पिवळी पडली म्हणून नानांची ओरड. जाऊन पाहतो तर मोटर दिवसभर चालू. खाली चिखल, मुळं कुजलेली. नाना म्हणे, ऊन पाहा ना साहेब, झाडाला तहान लागते. मी त्यांना बांधावर बसवून समजावलं. म्हटलं, नाना, झाडाला पचेल तेवढंच द्यायचं. जास्त झालं की मूळ गुदमरतं. माया वेगळी आणि पाणी वेगळं. नानांना पटलं. मी समजावतो चांगलं, हे दुकानात सगळेच म्हणतात.

समजावताना तीनदा केळीच्या आड जाऊन यावं लागलं. निघताना नानांनी हळूच विचारलं, शुगर तपासली का.

२ मे, धुळे

संतापाने हात थरथरतोय. (कालही थरथरत होता, पण आजचा संतापाचा आहे.)

चुलतभावाच्या हळदीला आलो आणि योगराजभाऊंकडे उतरलो. भाऊ माझे थोरले. आबा त्यांच्याकडेच असतात. आबांच्या खाटेशी एक तांब्या. तांब्याच्या आत लाल नेलपॉलिशची रेघ. सकाळी रेघेपर्यंत भरायचा, संध्याकाळी रेघेपर्यंत भरायचा, दिवसाचं पाणी संपलं. माझ्या बापाला पाणी मोजून!

लता वहिनींना विचारलं. म्हणाल्या, भाऊजी, आबांचं हृदय नीट पंप करत नाही, पाणी अंगात साचतं, मागे दोनदा ॲडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलंय, चहा-डाळ धरून लिटरभरच. मी ऐकून घेतलं. खान्देशात, मे महिन्यात, कमी पाणी प्या म्हणणारा डॉक्टर मला कोणी दाखवावा.

खरं कारण मला मोरीत कळलं. यांच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवस येत नाही. घरभर पिंपं, हंडे, कळश्या. त्यांवर झाकणं, झाकणांवर वजनं. पाणी वाचवायचं तर कोणाच्या तोंडचं? म्हाताऱ्याच्या. आणि नाव डॉक्टरचं.

दुपारी सगळे मांडवात होते. आबा मला हळूच म्हणाले, निल्या, पानी दे ना भो, वहिनीले सांगू नको. एसटीवर ड्रायव्हर म्हणून जन्म घालवलेला माणूस, ज्याच्या आवाजाने अख्खं स्टँड हलायचं, तो पाण्यासाठी कुजबुजतो. तीन ग्लास दिले. शेवटचा ग्लास खाली ठेवून आबांनी माझ्याकडे पाहिलं. असं ते माझ्याकडे कधी पाहत नाहीत. मी बी.एस्सी. झालो, घर बांधलं, मोटारसायकल घेतली, कोणी विचारलं की आबांचं माझ्याबद्दल एकच वाक्य: त्यानं काय, चाली ऱ्हायनं. चाललंय आपलं, एवढंच.

आबांना जळगावला नेणार. ठरलं.

३ मे

आणलं. भाऊ म्हणाले, ने, पण एक आठवडा करून दाखव. त्यांना माझी ताकद माहीत नाही. वहिनी रडत होत्या. निघताना तो तांब्या त्यांनी पिशवीत घातला, मी काढून ओट्यावर ठेवला.

बसमध्ये दोघांनी मिळून दोन बाटल्या संपवल्या. पारोळ्याच्या अलीकडे मी गाडी थांबवायला सांगितली. एरंडोलच्या अलीकडे पुन्हा. कंडक्टर म्हणाला, काका, तुमच्यासाठी स्पेशल गाडी सोडतो. आबा खाली मान घालून बसले. ते म्हणाले, मी नोकरीत रस्त्यात गाडी कधी उभी केली नाही, पाणीच प्यायचो नाही. बरोबर, तिथूनच यांची तब्येत बिघडलेली दिसते.

५ मे

आता जळगावात मेहरूणचं आमचं घर घरासारखं वाटतं. वीस लिटरचा जार रोज लावला. आबांच्या खाटेशी मोठा जग, त्यावर ग्लास, मोजमाप नाही. नियम एकच, तहान लागायची वाट पाहायची नाही. आबा माझ्याआधी ग्लास पुढे करतात. बाप-लेकाचं असं एकमत आजवर कुठल्याच गोष्टीत झालं नव्हतं.

वहिनींचा व्हॉइस मेसेज आला. अडीच मिनिटांचा! कोण ऐकणार.

मोहिनीने ऐकला. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, अहो, हे खरं आहे, जग उचला. मी म्हटलं, तुम्हा जावाजावांचं एक झालं वाटतं. ती जग उचलून आत घेऊन गेली. मी तो परत आणून ठेवला.

७ मे

आनंदाची बातमी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आबांचं वजन केलं. तीन किलो वाढलं! वहिनींना इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी चार दिवसांत केलं. भाऊंना फोटो पाठवला. उत्तर नाही. जळले असतील.

८ मे

आबांना चपला घट्ट व्हायला लागल्या. पाय भरलेत. बोटाने दाबलं की खळगा राहतो, म्हणजे त्वचेत ओलावा आला. एक नंबर मोठ्या चपला आणल्या.

दुकानात मालक चिडले. चाळीसगावच्या गिऱ्हाइकाचा माल मी चोपड्याला पाठवला म्हणे. मला आठवत नाही. अलीकडे बरंच आठवत नाही. उन्हामुळे. पाणी वाढवायला हवं.

९ मे

मोहिनी आबांना गोळ्या वेळेवर देते. त्यातली एक लघवीची. ही अंगातलं पाणी काढते म्हणे. मी विचार केला, गोळी जेवढं काढते तेवढं भरायला नको का? साधा हिशेब आहे, ठिबकमध्येही हेच असतं. गोळीनंतर दोन ग्लास जादा.

आबा आज जास्त बोलले नाहीत. दोन वाक्यांच्या मध्ये थांबतात. वय झालं.

११ मे

आबा आता खुर्चीत बसूनच झोपतात. आडवं झालं की दम लागतो. कूलर जवळ सरकवला. मोहिनी म्हणते, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. मी म्हटलं, सोमवारी. म्हणाली, आज सोमवारच आहे. मी कॅलेंडर पाहिलं. खरंच होता.

ठीक आहे, मान्य, मला भीती वाटते. आबांच्या छातीतून बारीक घरघर येते, चहा उकळताना येते तशी. पण आत्ता डॉक्टरकडे गेलो तर ते काय म्हणतील ते मला ऐकू येतंय, आणि वहिनी काय म्हणतील तेही. एकच दिवस द्या मला. पाणी थोडं कमी करतो, कोणाला न सांगता. आबा बरे होतील, मग सगळं नीट सांगता येईल.

पण आबांनी ग्लास पुढे केला, आणि मला नाही म्हणता आलं नाही. पहिल्यांदा ते माझ्याकडे काहीतरी मागतायत. कसं नाही म्हणू?

१२ मे, सकाळ

आबांचे ओठ निळे. मोहिनीने रिक्षा बोलावली. मी किल्ली शोधतोय. किल्ली माझ्या हातात होती.

१३ मे, हॉस्पिटल

लिहिता येतंय म्हणून लिहितो.

आबांच्या फुप्फुसात पाणी भरलं. आयसीयूत आहेत, तोंडावर मास्क, पाणी काढायची इंजेक्शनं चालू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, दिवसाला किती देत होता. मी म्हटलं, मोजलं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये उलटी झाली. नुसतं पाणी. मग मी मोहिनीला लता वहिनी समजून बोलायला लागलो, असं मोहिनी सांगते. रक्त घेतलं. रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी खाली गेलं असतं तर आकडी आली असती, मुतखड्याला तीन लिटर पुरतं, आठ कोणी सांगितलं? मी म्हटलं, मीच. मलाही ॲडमिट केलंय. खालच्या मजल्यावर. पाणी दिवसाला एक लिटर.

भाऊ आणि वहिनी पहिल्याच बसने आले. भाऊ माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनी मला चपलांबद्दल विचारलं, पायावर सूज कधी आली ते कळावं म्हणून. मी सांगितलं, नवीन आणल्या, एक नंबर मोठ्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आबांना काही झालं तर मी काय करू? हे लिहून काढलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

१५ मे

आबा मास्कशिवाय श्वास घेतात. वजन उतरलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडलो. एक आया म्हणाली, साहेब, पाणी आणू का. मी नको म्हटलं.

विचार करता एक मुद्दा राहतोच. ऊन खरंच जास्त होतं. आणि वहिनींनी अडीच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. बहुतेक.

१६ मे

आज राउंडला सगळे आबांच्या खाटेभोवती होते. डॉक्टरीणबाई, नर्स, भाऊ, वहिनी, मोहिनी, आणि मी हाताला सुई लावलेला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने विचारलं, बाबा, आता बरं वाटतं का? आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, बठ्ठा मोजीसन देतस. निल्याना घरच पोटभर पानी पिधं मी.

सगळे मोजून देतात, पोटभर पाणी प्यायलो ते निल्याच्याच घरी. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कौतुक आलं. आयसीयूत. सगळ्यांसमोर. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिथून निघून जायचं होतं, पण सलाइनचा स्टँड दुसऱ्याच्या खाटेला अडकला होता.

१९ मे, धुळे

आबांना परत आणलं. मीही आलोय, चार दिवसांची रजा आहे, पाणी मात्र मलाही अजून दिवसाला लिटरभरच. भाऊ आता बोलतात, कामापुरतं. दुकानातून फोन आला होता. गिरधर नानांनी मोटर बंद ठेवली आणि बाग हिरवी व्हायला लागली म्हणे, त्यांनी माझे आभार मानलेत.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, आबांचा तांब्या भरता का? मला वाटलं, टोमणा मारतायत. नव्हता. त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं. मी पिंपावरचं वजन उतरवलं, झाकण काढलं, तांब्या लाल रेघेपर्यंत भरला. जास्त पडलं ते परत ओतलं. दोनदा बघितलं.

आबांनी घटाघट अर्धा संपवला. दार लोटलेलं आहे का ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, निल्या, थोडंसं ना भो. मी नाही म्हटलं. एवढासा शब्द. आबांनी तांब्या तसाच पुढे धरला. मी म्हटलं, आबा, रेघेपर्यंतच. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

थोड्या वेळाने शेजारच्या भागाबाई तब्येत विचारायला आल्या. कोपऱ्यात मला बसलेलं पाहून त्यांनी आबांना विचारलं, हा धाकटा ना, काय करतो सध्या?

आबा म्हणाले, त्यानं काय, चाली ऱ्हायनं.

माझं आजचं लिटर दुपारीच संपलंय.