दत्ताच्या हौदातलं पाणी

१२ सप्टें., शुक्र.
रॉड पुन्हा परत आले. देवगाव फाट्याच्या ट्रॉलीवाल्याचे, ट्रॉली उचलायच्या जॅकचे. कडेला क्रोम धरलंच नाही, राखेसारखं करडं. कारागीर अजीजभाईंनी हौद ढवळून पाहिला. लाल हवं ते पाणी काळपट तपकिरी. "दादा, ये पानी मर गया."
क्रोम चढवायचं हे पाणी, कारखाना काढला तेव्हा दत्ताने बनवलेलं. भर घालत गेला, फेकलं कधीच नाही. तो गेल्यापासून सुनीता रोज हौदाजवळ खुर्ची टाकून बसते. धाकट्या भावाची बायको, तिला काय समजावणार. मी पेपरातला माणूस, इथे फोन घेतो.

१५ सप्टें., सोम.
प्रदूषण तपासणीचे साहेब येऊन गेले. पाणी विषारी, नाल्यात सोडायचं नाही. सुधारा, नाहीतर दसरा झाला की टँकर नेईल.
"पाणी गेलं की मी शटर ओढणार," सुनीता म्हणाली. आवाज चढला नाही. चहा गार झाला होता, तोच प्यालो.

१८ सप्टें., गुरु.
संभाजीनगरहून पाणी सुधारायचं मशीन आलं, दसऱ्यापर्यंत वापरून बघायला. सोबत शिल्पा, इंजिनिअर, मूळची जिंतूरची. हौदात एक खोकं सोडलं, त्याला पातळ पडदा. वीज दिली की लोखंड पडद्यातून खोक्यात जातं, क्रोम हौदात राहतं आणि बिघडलेलं पुन्हा कामाचं होतं. जन्मभर बातम्या कापल्या, हीही चार ओळींत बसली.
"हौदात बाहेरचं काही पडतं का?" शिल्पाने विचारलं.
"कुछ नहीं," अजीजभाई.
"नारळाचं पाणी," सुनीता म्हणाली.
खंडेनवमीला दत्ता हौदाच्या काठावरच नारळ फोडायचा, पाणी आत. नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्याही नावाचा एक.
शिल्पा बघतच राहिली. "त्यात मीठ असतंय, साखर असतीय, त्यानंबी पाणी बिघडतंय. ताई, तुमी हौदाला जेवू घालायलाय की."
अजीजभाई हसले. मग सुनीताही, थोडं. दत्ता गेल्यावर पहिल्यांदा.
"आता एक थेंब न्हाई," शिल्पा.

२३ सप्टें., मंगळ.
खोक्यात गढूळ गाळ. हौदाला तांबूस झाक. वास नाकात जातो, पंखा सतत चालू.
दत्ता गेल्याची बातमी मीच लिहिली होती. वेळेत दिली, एक शब्द बदलावा लागला नाही. त्यानंतर काही…

२७ सप्टें., शनि.
नमुन्याचा रॉड काढला. मधे लख्ख, टोकांना अजून करडा. अजीजभाईंनी नखाने खरवडून पाहिलं. "जिंदा है. बीमार है."
अजून आठवडा तरी लागेल म्हणते शिल्पा. मशीन ठेवता येईल का, वर विचारते. तपासणीच्या साहेबांना मुदतीसाठी फोन केला. "बघू" म्हणाले.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पाने, पक्कड, रॉड टांगायचे हूक, सगळ्यांना झेंडू. हौदाला फक्त लांबून हात जोडले. नारळ अजीजभाईंनी बाहेर पायरीवर फोडला. पाणी सुनीताने वाटीत धरलं. वाटलं, तीर्थ म्हणून देईल.
ती हौदाकडे गेली.
"ताई," अजीजभाई म्हणाले.
"एकच थेंब, दादा. ते घालायचे म्हणून." मग मशीनकडे बघून, "हे काढंल की तेवढं."
उद्या दसरा, शिल्पाचा फोन अजून आलेला नाही. अजीजभाई माझ्याकडे बघतायत. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. मशीनचा काटा आहे तिथेच. वाटी तिच्या हातात, काठावर.