चांगुणाच्या काजळीसह ट्राम देण्याबाबत

सर्वांत आधी माफी. संग्रहालयाच्या अंजलीताईंचं पत्र बुद्धपौर्णिमेच्या आधी आलं आणि मी उत्तर लिहितो आहे दिवाळी उलटल्यावर. साधं उत्तरच लिहायला बसलो होतो. पण मी गेल्यावर माझ्या शब्दाला कोण विचारणार, या काळजीने त्याचं मृत्युपत्र झालं.

मी रामजी मुंजाजी पाईकराव, वय ऐंशी, दाखल्यावर दोन वर्षं कमी, शिक्षण चौथी, राहणार कनेरगाव नाका, जिल्हा हिंगोली. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलं आहे, तो कागद सोबत टाचला आहे. टाचणी निघून कागद हरवला तर डॉक्टरांना पुन्हा विचारावं. माझ्यावर कोणाचा धाक नाही. मुलाने घालून पाहिला, मी जुमानला नाही.

१. गावातलं घर मुलगा धम्मानंद आणि सून शीतल या दोघांच्या नावे करावं, एकट्या धम्मानंदच्या नाही. मागचे पत्रे पावसाच्या आधी बघावेत. हे मी दरवर्षी सांगतो.

२. पोस्टातली शिल्लक शीतलला. माझी दुखणी तिने काढली. धम्मानंदने तोंड वाकडं करू नये.

३. पाने, हातोडी आणि ग्रीसचा डबा शेजारच्या पंक्चरवाल्या भावसिंगला. मोठा पाना त्याने आधीच नेलेला आहे, तो परत आणण्याची तसदी घेऊ नये.

४. ट्राम. मुंबईत ट्राम होत्या तेव्हा मी डेपोत डबे धुवायला होतो. चालवली कधीच नाही. ट्राम बंद झाल्या, डबे भंगारात निघाले. त्यातला एक इकडच्या रस्त्याच्या ठेकेदाराने मुकादमाला बसायला आणला आणि राखणदार म्हणून मला. रस्ता झाला. ठेकेदार म्हणाला, "नेत बसत न्हाई आता, तूच ठेव." कागद दिला नाही. पण साठ वर्षांचा ताबा साऱ्या नाक्याला माहीत आहे. कागदावाचून अडेल की काय, या विचाराने मला झोप लागत नाही, तरी माझीच आहे म्हणून मी ती देतो आहे.

त्या डब्यात माझी बायको चांगुणा हिने चहाचं हॉटेल घातलं. आमच्या हातचा चहा तेव्हा सगळ्यांना चालत नसे. रामकिशन पोले गुरं घेऊन यायचा. तो म्हणाला, "आमचे कप बाहीर टांगा, आमी बाहीरच पितो."

चांगुणा चुलीपासून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "मुंबईची गाडी हाय ही, भाऊ. हिच्यात सगळ्यायला एकच बाक. बसायचं तर बसा, न्हाई तर रस्ता लई मोठा हाय."

तो बरीच वर्षं समोरच्या दगडावर बसून आमच्याकडे बघत राहिला. मग एक दिवस आत येऊन बसला. चांगुणाने त्याला साखर जास्त घातली. तिच्या जागी मी असतो तर घातली नसती. तो आता नाही, पण माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच्या नातवंडांना संग्रहालयात ट्राम फुकट दाखवावी, म्हणजे फिटलं.

५. धम्मानंदला ट्राम मिळणार नाही. तो म्हणतो, "बाबा, लोखंड हाय ते. भंगारवाला किलोनं घेऊन राहिला."

मी म्हणालो, "तूबी तिथंच मागच्या बाकावर जन्मलास. तुलाबी टाकू का काट्यावर?"

शीतल हसली म्हणून तो तिच्यावर रुसला. रुसू दे.

६. ट्राम संग्रहालयाला, पण अटीवर. अंजलीताई येऊन गेल्या. बाई मायाळू आहेत, चाकं नसलेल्या डब्याखाली साडी खोचून शिरल्या. त्यांनीच मला आठवण करून दिली की ट्रामला पुढचं-मागचं नसतं, दोन्ही टोकं सारखी, जाताना एक तोंड पुढे, येताना दुसरं. मग छताकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, ही काजळी काढली की खाली मूळ पॉलिश निघेल. अगदी पहिल्यासारखी करू."

मी म्हणालो, "काजळी न्हाई ती, ताई. चांगुणा हाय."

त्यांनी मान डोलावली. पत्रात मात्र पुन्हा तेच आलं, मूळ स्वरूप. ताई, मुंबईत ती जितकी वर्षं पळाली असेल, त्याहून जास्त वर्षं ती इथे उभी आहे. मग मूळ कोणतं?

म्हणून तुमच्याच शब्दावरून ठरवतो. एक तोंड मुंबईचं करा, रंग द्या, पॉलिश करा, मी हात जोडतो. चुलीकडचं तोंड आहे तसं राहील. काजळी, "चांगुणाबाईंचे हॉटेल" ही पाटी, सगळं. लोकांना मुंबईकडून चढवायचं आणि चांगुणाकडून उतरवायचं. मधूनच परत फिरवायचं नाही.

ट्रामची पितळी घंटा नात पल्लवीकडे राहील. मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. अट पाळलेली दिसली तर ती स्वतः येऊन घंटा बसवील. नाही पाळली तर ट्राम मुकी राहील. अटच मान्य नसेल तर डबा इथेच, पल्लवीचा. भंगारवाल्याने पाऊल ठेवू नये.

ज्यांना यातून काही मिळणार नाही, तेच साक्षीदार घेतले आहेत. पहिली रामकिशनची विधवा नर्मदाबाई. वरचं चौथं कलम वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुमाला काय माहीत, भाऊ. ते दगडावर बसायचे तवा म्या पलीकडच्या, चुलीकडल्या तोंडानं चढून चांगुणापाशी चहा पेत होते. पयल्या दिसापासून." मला हे साठ वर्षं कोणी सांगितलं नाही. चांगुणानेही नाही. कलम खोडत नाही, पण त्या तोंडाला आता कोणी हात लावायचा नाही, हे पक्कं.

रामजी मुंजाजी पाईकराव (सही थरथरली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार :
१) नर्मदाबाई रामकिशन पोले (अंगठा)
२) सेवा हरिचंद आडे (सही)

ठिकाण : कनेरगाव नाका
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

ता. क. अंजलीताई, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात हे मला माहीत आहे. तरी याची प्रत तुम्हाला आजच पाठवतो. होकार असो की नकार, उत्तर मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे. फोन शीतलकडे असतो. लवकर कळवा.