आकाशगंगेच्या आडव्या-उभ्या रेघा

मुलुंड,
९ फेब्रुवारी १९८७

चि. अनुपमा हिस काशीरामकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? घरमालकीणबाईंचा गुडघा कसा आहे? आणि आभाळाकडे तोंड करून बसलेली तुमच्या रेडिओ दुर्बिणीची ती भलीमोठी ताटली, तिच्यावर बर्फ साचतं म्हणालीस, तिचं बरं आहे ना? इकडे तुझ्या आईचे दात बसवून झाले. बाबांचा रक्तदाब खाली आला, आवाज तेवढा वरच आहे. मी ठणठणीत.

तू लिहिलंस, संशोधनासाठी तिकडे अजून एक वर्ष राहायचंय, बाबांना तुम्हीच समजवा, आणि सोबत आकाशगंगेचा नकाशा पाठवलास. तुझ्या बाबाने, दशरथाने, तर मनात वैशाखातला मुहूर्तही धरलेला (घाटकोपरचं स्थळ, मुलगा इंजिनियर). मी बत्तीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. ड्रॉइंग दिसलं की हात शिवशिवतात. तुझ्या आईचं पितळी ताट घेतलं, खाली चुंबक, वर लोखंडाचा कीस. कीस रेघारेघांनी उभा राहिला. म्हटलं, दशरथा, आपल्या आकाशगंगेतही असंच चुंबकत्व आहे, फक्त कीस नाही. म्हणून पोरगी तिथून येणाऱ्या रेडिओलहरी कुठल्या दिशेने हलतात ते मोजते आणि नकाशावर बारीक रेघा मारते. (ताट शेगडीजवळ ठेवलं हे चुकलंच. तुझी आई म्हणाली, "भाजीत लोह असावं म्हणतात भाऊजी, पण एवढं?")

खरी चूक पुढची. निळी पेन्सिल घेऊन मी तुझ्या रेघा एकमेकींना जोडल्या आणि आमच्या चारही मजल्यांवर आठ दिवस दाखवत फिरलो, की हे बघा, चुंबकत्व असं धावतं. मग तुझ्या पत्राची मागची बाजू वाचली. (ड्रॉइंगखालची टीप आधी वाचा, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं.) तिथे स्वच्छ लिहिलेलं, लहर हलते ती चुंबकत्वाला काटकोनात. म्हणजे माझी अख्खी आकाशगंगाच आडवी!

आमच्या खात्यात रिवाज होता: माप ज्याने चुकवलं त्याने माल गेला असेल तिथपर्यंत स्वतः जाऊन सांगायचं. पुन्हा चार मजले चढलो. दशरथ मागून, "दादा, जाऊ दे ना रे, कोणाला कळतंय!" पद्मजाबाई (शाळेत भूगोल शिकवतात) दारातच म्हणाल्या, "काका, परवा उभी, आज आडवी. आकाशगंगा आहे की खाट? आजचं तरी पक्कं का?"

मी खरं ते सांगितलं, नाही. वाटेत लहरीला पीळ बसतो, तिची दिशा फिरते. तो किती, हे दुसऱ्या लांबीच्या लहरींवर मोजल्याशिवाय कळत नाही. अनुपमाला वर्ष हवंय ते त्यासाठी.

खाली उतरताना दशरथ कठडा धरून थांबला. "म्हणजे आत्ता परत आली, तर तिच्याही रेघा तुझ्यासारख्याच?" म्हटलं, हो. आणि मला चारच मजले चढायचे होते, तिला कुठे कुठे जाऊन सांगावं लागेल कोण जाणे.

तुझा,
काशीरामकाका

ता. क. बाबांनी होकार दिला असं समजू नकोस. ते फक्त काल घाटकोपरला जाऊन 'यंदा जमत नाही' एवढं सांगून आले, आणि मला बजावलं, तिला कळवू नकोस.

आणखी एक. तुला यातलं काहीच माहीत नाही असं धर. आणि वर्षभर राहायची परवानगी माग. माझ्यामार्फत नको, थेट त्यांच्या नावाने, तुझ्या अक्षरात. पोरीने आपल्याला विचारलं नाही, काकाला विचारलं, हेच त्यांना लागलंय. हल्ली टपालाच्या वेळी ते जिन्यात उभे असतात (पाय मोकळे करतो म्हणतात). बाई गं, लवकर पत्र टाक.