लिंडग्रेन मंडळी आणि डेल्मरचा बोलिंग हॉल

शुक्रवार, ५ मार्च २०१०

आपली बँक बुडाली! पक्की बातमी — कॅशियर शेरिलनेच सांगितली, फुटपाथवर उभी राहून, हातात आपल्या टेबलावरची कुंडी घेऊन. संध्याकाळी ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी खात्याने ताबा घेतला. सोमवारी तीच इमारत, तीच माणसं, नवी पाटी. ठेवी सुरक्षित.

आणि ताबा घेणारे कोण? लिंडग्रेन मंडळी! कालपासून मोटेलात उतरलेलं ते ‘कुटुंब संमेलन’ म्हणजे त्या खात्याचीच माणसं; आधी बोभाटा होऊन बँकेत झुंबड उडू नये म्हणून खोट्या नावाने आलेली. मिनेसोटात, मार्चमध्ये, गुडघाभर बर्फात संमेलन — आणि सोबत एकही पोर नाही! कुणाला शंका नाही आली. उलट आम्ही सगळे विचारत बसलो, “कुठले लिंडग्रेन? फर्गस फॉल्सकडचे का?” मोटेलवाल्या जोनीने तर त्यांच्यातल्या एकाशी दूरचं नातंही जुळवलं.

शनिवार, ६ मार्च

डेल्मर टॉफ्टी डोकं धरून बसलाय. बोलिंग हॉल त्याचा, कर्ज याच बँकेचं. गुरुवारी त्याने या पाहुण्यांना बोलिंगचे बूट फुकट दिले, आणि आपली कहाणीही. “हप्ते थकलेत हो, पण बँकेचे साहेब आपलेच! जुना हप्ता भरायला नवं कर्ज देतात.” एक उंच लिंडग्रेन फार आपुलकीने ऐकत होता म्हणे. आज तोच डेल्मरची फाइल घेऊन बसलाय.

मला हसू फुटलं. मग लाज वाटली. मग डेल्मरच हसला.

मंगळवार, ९ मार्च

उंच लिंडग्रेनचं खरं नाव वाइस. त्याने डेल्मरला सांगितलं — कर्जाचा काही भाग माफ, व्याज कमी. पण हिशेबावर बाहेरचं, खमकं माणूस हवं. पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं. नाहीतर हॉलचा लिलाव.

कॅफेत यावरून जुंपली. आर्डिसबाईंनी निम्म्या गावाला गणित शिकवलंय, त्यामुळे आवाज अजून वर्गातलाच.

“घराचा एक हप्ता चुकवला नाही मी. आता याचाही मीच भरू?”

“बाई, ते विम्याचे पैसे. बँकाच भरतात,” शेरिल म्हणाली.

“आणि बँका आणतात कुठून? परसात पिकतात? आपल्याच खिशातून जातात ना!”

“२००८ मध्ये सरकारने मोठ्या बँका वाचवल्या तेव्हा कुठे होतात?” जोनी.

“तेव्हाही ओरडलेच होते. तू ऐकलं नाहीस, तू वर्गातही ऐकत नव्हतीस!”

सगळे हसले. जोनीसुद्धा. डेल्मर कोपऱ्यात ॲपल-पाय खात होता. मान वर केली नाही.

उद्या माझ्या साप्ताहिकाचा अंक छापायला जायचा. अग्रलेख निम्मा माफीच्या बाजूने लिहिला, निम्मा विरोधात. दोन्ही निम्मे पटले! शेवटी चर्चमधल्या मासळीच्या जेवणाची बातमी मोठी केली.

शनिवार, १३ मार्च

डेल्मरला माणूस मिळेना. मेव्हणा घरचाच, म्हणून चालत नाही. पाळकसाहेब म्हणाले, “मला चर्चचाच हिशेब जमत नाही.” मग माझ्याकडे आला. बातमीही मीच द्यायची आणि हिशेबही मीच बघायचा? नाही म्हटलं. वाईट वाटलं. तो मात्र जाताना मलाच धीर देऊन गेला!

गुरुवार, १८ मार्च

हॉलमध्ये लीगचा सामना. कदाचित शेवटचा. तोबा गर्दी. मी तीन वेळा चेंडू नालीत घातला.

शुक्रवार, १९ मार्च

डेल्मरने नाव दिलं — आर्डिसबाई!

“अरे, वेडा झालास का?” मी विचारलं.

“ते पैसे स्वतःचे आहेत असं मानणारं गावात दुसरं आहे कोण?”

बाईंनी होकार दिला. वाइसनेही फोनवर मंजुरी दिली. सोमवारी सकाळी त्या गल्ल्यावर बसतील. डेल्मर आत्तापासूनच शर्टाला इस्त्री करतोय म्हणे.