टाकी रिकामी असताना

सोमवार, ३

पोचलो एकदाचा! बॅगेचं एक चाक वाटेत निखळलं, बाकी सगळं झकास. कंपनीने दिलेली खोली अगदी पसंत पडली. खिडकी आहे, खिडकीखाली टेबल आहे, आणि पलंग बसल्यावर कुरकुरत नाही. कुरकुरायला माझा गुडघा आहेच.

गेली सव्वीस वर्षं मी हेच करत आलोय. कारखान्यातल्या पाइपांतून भुकटी, दाणे, कोळसा, जे काय वाहत असेल ते तासाला किती जातंय हे मोजणारे सेन्सर बसवायचे, चालू करून द्यायचे आणि पुढचं गाव गाठायचं. इथे दगडाची भुकटी आहे. पाच पाइप, एक टाकी, सहा सेन्सर, नऊ दिवसांचं काम.

तेरा तारखेला बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी काही झालं तरी घरी असेन, असा शब्द दिलाय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी एका पाइपावर बसलो होतो, सासरे गेले तेव्हा दुसऱ्या. ती त्यावरून कधी बोलत नाही, पण त्या दोन्ही तारखा तिला पाठ आहेत. या वेळी चुकवायचं नाही.

संध्याकाळी फोन केला. म्हणाली, उशाशी पाणी ठेवा आणि गुडघ्याला तेल लावा. दोन्ही केलं.

मंगळवार, ४

कारखाना म्हणजे सगळा पांढराफटक कारभार. जिने पांढरे, कठडे पांढरे, माणसांच्या भुवया पांढऱ्या. भुकटी पाइपांतून हवेच्या जोरावर ढकलली जाते. ती हवा सोडणारा ब्लोअर सुरू झाला की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. पाचही पाइप शेवटी एका मोठ्या टाकीत येतात.

माझ्या दिमतीला दोन माणसं आहेत. कंट्रोल रूममधला ऑपरेटर, बोलायला गोड, चहा पाजल्याशिवाय कामाचं काढत नाही. आणि फिटर, ज्याला सगळे विमान म्हणतात. मला वाटलं गडी वाऱ्यासारखा पळत असेल. दुपारपर्यंत नाव का पडलं ते कळलं. पान्हा आणायला गेला तो पाऊण तासाने परतला, आणि वर मलाच विचारलं की घाई आहे का.

गुरुवार, ६

पाच सेन्सर बसले, पाचांचा झिरो घेऊन झाला.

विमानने विचारलं म्हणून त्याला सोपं करून सांगितलं. सेन्सरला आधी रिकामं म्हणजे काय ते शिकवावं लागतं. आत काही नसताना बटण दाबायचं. त्या क्षणी त्याला जे दिसेल, मग ती भिंत असो की वेल्डिंगची गाठ, ते सगळं तो ‘काही नाही’ म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढे कायमचं वजा करतो. त्या वेळी आत पान्हा राहिला, तर तो पान्हा त्याच्या लेखी नाहीच. विमान म्हणाला, आमच्या साहेबांचा झिरो घेता येईल का?

सहावा सेन्सर टाकीच्या तळाशी बसायचा आहे. आत उतरायला अडतीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. आजवर ब्लोअर सुरू करण्याआधी विमान दर वेळी टाकीवर चढून आत डोकावायचा, कोणी राहिलं तर नाही ना म्हणून. मी म्हटलं, आता ती पायपीट बंद करा. आत मांजर जरी असलं तरी स्क्रीनवर आकडा दिसेल. तो इतका खूश झाला की मला स्वतःच्या वाटणीचा चहा दिला.

शुक्रवार, ७

टाकी रिकामी करून झाकण फक्त शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, आत वारा लागावा म्हणून उघडतात. म्हणून आजच उतरलो. पंधरा मिनिटांत सेन्सर बसवला.

आता नियमाने मी बाहेर यायचं, मग झिरो घ्यायचा. पण गुडघा इतका ठणकत होता की अडतीस पायऱ्या चढायच्या, आकडा बघायचा, चुकला तर पुन्हा अडतीस उतरायच्या, या विचारानेच मला रडू यायला लागलं. वॉकीटॉकीवर ऑपरेटरला म्हटलं, घे झिरो. त्याने विचारलं, तुम्ही बाहेर आलात ना? मी म्हटलं, हो. भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभा राहिलो. हिरवा दिवा लागला.

हे चुकीचं केलं. शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आकडे बरोबर येतायत, आणि मी फार थकलोय.

शनिवार, ८

कंट्रोल रूमचं दार माणूस समोर आला की आपोआप सरकतं. आज सरकलं नाही. ऑपरेटर आत जायला आला तेव्हा त्याच्या मागून घुसलो.

कँटीनमध्ये वाढप्याने माझ्या आधीच्याला वाढलं, माझ्या नंतरच्याला वाढलं. मी ताट पुढे धरून उभा. शेवटी हाताने घेतलं. कोणी अडवलंही नाही. दमलेल्या माणसाकडे कोण बघतंय म्हणा.

रविवार, ९

बायको म्हणाली आवाज फार खोल येतोय, विहिरीतून बोलल्यासारखा. दोनदा विचारलं, तुम्हीच आहात ना? मी हसलो. तिला हसूही ऐकू गेलं नाही बहुतेक. मेहुणी येऊन राहिली आहे, ते बरं झालं.

सोमवार, १०

ऑपरेटरने चहाचे दोन कप मागवले. एक त्याला, एक विमानला. मी मधल्या खुर्चीत बसलो होतो. विमानने माझ्या मांडीवर टोपी ठेवली, अगदी सहज. मी उठलो, टोपी खाली पडली. त्याने उचलली आणि पंख्याला शिवी दिली.

गेटवर वहीत माझं नाव नाही. आजच्या पानावर नाही, कालच्या नाही, शनिवारच्याही नाही. शुक्रवारी सकाळी आहे.

गोदामातल्या वजनकाट्यावर उभा राहिलो. उडी मारून पाहिली. आकडा हलला नाही. शेजारची रिकामी गोणी ठेवली तर दोनशे ग्रॅम दाखवले.

मंगळवार, ११

आता कळतंय. कळून घ्यायचं नव्हतं म्हणून तीन दिवस घालवले.

मला वजा केलंय. मीच करायला लावलं.

नवा झिरो घेतला की सुटलो. ऑपरेटर चहाला गेला तेव्हा त्याच्या स्क्रीनसमोर बसलो. बोट लावलं. सगळी बोटं लावली. स्क्रीन ढिम्म. मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली: सहा नंबरचा झिरो पुन्हा घे, मी आत होतो. ऑपरेटर आला, चिठ्ठीवर कप ठेवला. ओला गोल उमटला. त्याचे डोळे चिठ्ठीवरून असे गेले जसे कोऱ्या कागदावरून जातात.

मी त्याच्या तोंडासमोर ओरडलो. त्याने जांभई दिली.

बुधवार, १२

आज घरी असायला हवं होतं. सकाळीच थांब्यावर गेलो. दोन बस थांबल्याच नाहीत, मी एकटाच उभा होतो. तिसरी दुसऱ्यांसाठी थांबली, चढलो. एक बाई येऊन माझ्यावर बसली. एवढंच. माझ्यावर बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं.

पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आलो. असा घरी जाऊन करू काय? दारात उभा राहीन आणि ती माझ्या तोंडावर दार लावेल. तिचा दोष नसताना.

माझा बटणांचा जुना फोन अजून लागतो. तिने उचलला. हॅलो हॅलो केलं. मी तिला हाका मारत होतो. ती मेहुणीला म्हणाली, रोज कोणीतरी फोन करतं आणि बोलत नाही. फोन तसाच बाजूला ठेवला. मागे मेहुणी दवाखान्याचा फॉर्म भरत होती. विचारलं, सोबत कोण लिहू? बायको म्हणाली, तुझंच लिही, मला दुसरं कोण आहे.

माझी चीड, माझी भीती, सगळं त्या वाक्याशी थांबलंय.

गुरुवार, १३

ऑपरेशन झालं असेल. दिवसभर खोलीच्या पायरीवर बसलो.

एक वाट आहे. सेन्सरच्या अंगावरच एक छोटं बटण असतं, स्क्रू ड्रायव्हरने दाबायचं. ते बोट ओळखत नाही, नुसता दाब ओळखतं. दाबलं की जुना झिरो पुसतो, यंत्र दहा मिनिटं तापतं, मग आपण होऊन नवा घेतं. त्या दहा मिनिटांत बाहेर पडायचं.

अडतीस पायऱ्या. या गुडघ्याने सहा मिनिटं. जमेल. जमवायलाच हवं.

उद्या शुक्रवार. झाकण उघडेल. एक ते दीड जेवणाची सुट्टी, ब्लोअर बंद. वही बरोबर नेतो, पुन्हा चूक नको, सगळ्या वेळा लिहीन.

शुक्रवार, १४. टाकीत

१.१७ — बटण दाबलं. दिवा हिरव्याचा पिवळा. पुसला! निघतो.

१.१९ — नवव्या पायरीवर गुडघा गेला. पडलो. पाय वाकत नाही, टेकतही नाही. ओरडलो. आता माझा आवाज ऐकू जाईल, पण ऐकायला आहे कोण? सगळे जेवायला गेलेत. म्हणूनच तर ही वेळ निवडली, शहाण्याने.

१.२० — फोन. तिचा.

१.२१ — अहो म्हणाली. रडतेय. पट्टी सकाळी काढली, सगळं लख्ख दिसतंय, भिंतीवरचा खिळासुद्धा. आणि आत्ता एकदम आठवलं की तुम्ही कुठे आहात? इतके दिवस मला झालं होतं काय, मी एक फोन कसा केला नाही, अशी कशी मी. मी म्हटलं, अगं तुझं काही चुकलं नाही. एका हातात फोन, एका हातात पेन. लिहिलं नाही तर हंबरडा फोडीन.

१.२३ — आधीच सांगायला हवं होतं. दोन मिनिटं नुसता ऐकत बसलो. किती दिवसांनी ते ‘अहो’ —
सांगितलं. कारखान्यात कळव, मी टाकीत आहे, ब्लोअर लावू नका म्हणावं. नंबर दिला. घाबरली, पण डोकं ठिकाणावर. मेहुणीच्या फोनवरून लावतायत. मला म्हणाली, तुम्ही ठेवू नका.

१.२४ — रिंग जातेय. कोणी उचलत नाही. जेवतायत.

१.२५ — पुन्हा लावला. ती म्हणतेय मी आहे ना, मी आहे, गुडघा हलवू नका. दिवा लुकलुकतोय. सांगितलं तिला, कागदावर लिही, माझं नाव लिही, टाकीत आहे लिही, आत्ता. पेन शोधतेय —

१.२६ — उचलला! मेहुणी ओरडतेय लागला लागला, ऑपरेटरच आहे, ताई काय सांगू, पटकन सांग —

हिरवा.

तिकडे ड्रॉवर बंद केल्याचा आवाज.

वर विमानची चप्पल. उजेड अर्धा. झाकण —

मेहुणी विचारतेय अगं ताई ते विचारतायत काय काम आहे. मी ओरडतोय. ती म्हणतेय कुणाला लावलास? मेहुणी म्हणतेय, तूच दिलास ना नंबर. ती म्हणतेय छे, मी कशाला, राहू दे, त्यांना म्हणावं चुकून ला