सरकारनियुक्त सभासद

सर, काल आठवीला इंग्रजांचा १९०९चा कौन्सिल कायदा शिकवला. तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात. फळा तेवढा आता पांढरा आहे. मराठी माध्यमाची ही शेवटची आठवी, जूनपासून आपले सगळे मराठी वर्ग बंद होणार. एका मुलीने विचारलं, "सर, ऐकणारच नव्हते, तर आपली माणसं तिथं बसायची कशाला?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की ती एक सुरुवात होती. तिने ते निमूटपणे लिहून घेतलं आणि मला माझीच चीड आली. तुम्ही जाऊन चोवीस वर्षं झाली. तुम्ही असतात तर खडू फेकून मारला असतात.

तुम्ही हा धडा कधी वाचून दाखवला नाही. वर्गाचं कौन्सिल भरवायचात. अकरा जागा, त्यातल्या पाच वर्गाने निवडलेल्या, सहा तुम्ही नेमलेल्या, आणि गव्हर्नर तुम्ही स्वतः. आधी १८९२चा कायदा चालायचा: प्रश्न विचारायचा, उत्तर मिळालं की गप बसायचं. मग १९०९ यायचा आणि त्याच उत्तरावर पुन्हा विचारायची मुभा मिळायची. ठरावही मांडता यायचा, पण तो म्हणजे नुसती शिफारस. आमच्या वर्षी मला तुम्ही नेमलंत आणि मी आठवडाभर फुगून फिरत होतो. वर्गाने निवडलं होतं त्या फुलवाल्यांच्या मुलीला. ती पहाटे आईबरोबर आपल्या गंगेच्या काठच्या फूलबाजारात बसायची आणि तिथून धावत शाळेत यायची, तरी रोज उशीर व्हायचाच. उशिरा येणाऱ्याने पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं, हा नियम तुमचाच. तिने ठराव मांडला, की बाजारातून येणाऱ्यांना आत बसू द्यावं. आम्हाला तो खेळ वाटत होता, तिला तो खरा वाटत होता. पाच हात वर गेले. आम्ही सहा जण तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, आणि चेहऱ्यावर काहीच दिसेना म्हणून हात खालीच ठेवले. ठराव पडला. तास सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत आणि म्हणालात, "जागा मी दिली होती रे. हात तर तुझाच होता ना?"

ते वाक्य मला आयुष्यभर पुरलं. पण आज तुमच्यावरही रागावणार आहे. ठराव पडला तरी नियम तुमचा होता, तो तुम्हाला एका शब्दात मोडता आला असता. तुम्ही मोडला नाहीत, कारण तुम्हाला धडा पुरा करायचा होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा व्हरांड्यात उभी होती आणि दिवाळीनंतर ती आलीच नाही. तुम्ही तिच्या घरी जाऊन आलात, तिच्या आईने तुम्हाला पाणी दिलं आणि पोरगी पाठवली नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर तुम्ही कौन्सिल कधी भरवलं नाही.

आता मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी आहे. निवडून आलेला नाही, नेमलेला. तिथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आत शिरताच शिपाई प्रोसिडिंग बुक पुढे करतो, कोऱ्या पानाच्या तळाशी आपण सही करतो, मग चहा, मग मीटिंग. वरचा मजकूर क्लार्क नंतर सवडीने लिहितो आणि शेवटी "सर्वानुमते मंजूर" टाकतो. जानेवारीत वर्ग बंद करायचा विषय आला. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्हाला काही विचारायचंय?" मी विचारलं, या मुलांचं काय? "त्यांची दुसऱ्या शाळेत सोय करू." कोणत्या शाळेत, किती लांब, कोण करणार, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "बरं." मे महिन्यात मी निवृत्त होतोय आणि माझे पेन्शनचे कागद त्याच टेबलावरून जायचेत.

मागच्या शुक्रवारी ती फुलवाल्यांची मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी होती. केस पांढरे झालेत, पण मी लगेच ओळखलं. तिची नात आपल्याकडे सहावीत आहे. म्हणाली, "सर, तुमी तर व्हते ना मीटिंगला? पोरीची माय कंपनीत जाती, मी पहाटं बाजारात. ही शाळा जवळ हाय म्हून ती एकली येती. दोन रिक्षा बदलून कुठं धाडू तिला? घरीच बसंल ती." मी तिला ती रीत समजावून सांगितली. म्हणालो, अहो, सह्या आधीच घेतात, कोऱ्या पानावर. वर काय लिहिणार ते आम्हाला कुठे माहीत असतं? तिने मान हलवली. "मंग तुमचा काय दोष, सर. तुमाला तरी कोन इचारतंय." आणि ती माझी कीव करून गेली. हेच मी स्टाफरूममध्ये सांगितलं, पालकांना सांगितलं, बायकोलाही सांगितलं. सगळ्यांना पटलं, कारण ते नेहमी खरंच असतं.

हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. जानेवारीतल्या त्या मीटिंगच्या दिवशी शिपाई रजेवर होता, त्यामुळे बुक मीटिंग संपल्यावर आलं. पान कोरं नव्हतं, सर. ठराव पूर्ण लिहिलेला होता. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मग सही केली.